मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, मग विमानाला पावणेसोळा तास का लागतात?

कृष्णाकाठची (कराड)

नमस्कार मंडळी. आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेत. धाकटा भाऊ न्यूजर्सीत एडिसनला असतो, वहिनीचं बाळंतपण जूनच्या शेवटी आहे. मेच्या अखेरीस जायचं, नोव्हेंबरच्या मध्याला परत यायचं. तिकिटं काढायचं काम माझ्याकडे आलंय आणि त्याच्यासोबत बाबांचे प्रश्नही.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. अंतर, वेग आणि वेळ यांचा मेळ बसला नाही तर त्यांना जेवण जात नाही. नेटवर मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साधारण १२,५०० किलोमीटर दाखवतात. विमानाचा वेग ताशी ९००. म्हणजे चौदा तासांच्या आत पोचायला हवं. मी बघितलेल्या तिकिटावर मात्र जाताना १५ तास ४५ मिनिटं आणि येताना १४ तास १५ मिनिटं लिहिलंय. "एकाच रस्त्यावर जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाडीत दीड तासाचा फरक? मधे घाट आहे का?" असं ते विचारतात, आणि मला उत्तर देता येत नाही.

दुसरं, त्यांनी ॲटलासमध्ये पट्टी ठेवून रेघ मारलीय. ती जाते सौदी, इजिप्त, अल्जीरिया, मोरोक्को आणि मग अटलांटिकवरून. भाऊ म्हणतो, त्याच्या विमानातल्या पडद्यावर खाली ग्रीनलँड दिसत होतं. एवढा वर कशाला जाईल कुणी?

तिसरा प्रश्न माझा स्वतःचा आहे आणि खरं म्हणजे तोच महत्त्वाचा. आई ६८ वर्षांची आहे, उजवा गुडघा बदललेला, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. तिच्यासाठी विनाथांबा विमान बरं की मधे एक थांबा असलेलं? थांब्याच्या तिकिटांवर बावीस-तेवीस तास दिसतात. तो वेळ विमानात जातो की विमानतळावर, हेही नीट कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

पेठेतला

सोपं आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. अमेरिकेला जाताना आपण फिरण्याच्या उलट जातो म्हणून वेळ जास्त, येताना सोबत येतो म्हणून कमी. बाकी थांबा घेऊ नका, म्हाताऱ्या माणसांची फरपट होते.

पार्लेकर

ताई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. मी मुंबईत एका विमानकंपनीच्या डिस्पॅच विभागात नोकरी केली. विमान उडण्याआधी त्याचा मार्ग, इंधन, वारा, वजन यांचा कागद तयार करायचा, तो वैमानिकाला समजावून द्यायचा आणि त्यावर त्याच्याबरोबर आपलीही सही करायची, हे ते काम. म्हणजे तुमचे बाबा स्टँडवर जे करत होते तेच मी सांताक्रूझला बसून करत होतो. त्यामुळे त्यांचे प्रश्न मला अगदी जवळचे वाटले. सविस्तर लिहितो.

आधी पृथ्वी फिरण्याबद्दल, कारण हा समज फार पसरलेला आहे. पृथ्वी फिरते तेव्हा तिच्याभोवतीची हवाही तिच्यासोबत फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. विषुववृत्तावर जमिनीचा वेग ताशी साधारण १,६७० किलोमीटर आहे. हवा सोबत फिरत नसती तर पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे न्यूयॉर्क स्वतःहून धावत आलं असतं आणि जातानाचा प्रवास छोटा झाला असता. प्रत्यक्षात उलटं होतं. तेव्हा कारण दुसरीकडे शोधायला हवं, आणि ते वाऱ्यात आहे. त्यावर येतोच.

आता पट्टीने मारलेली रेघ. पृथ्वी गोल आणि कागद सपाट, त्यामुळे ॲटलासमध्ये उत्तरेकडचा भाग आडवा ताणून दाखवावा लागतो. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. ६० अंश उत्तरेला तोच एक अंश जेमतेम साडेपंचावन्न किलोमीटरचा होतो, पण कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात जवळजवळ १४७ रेखांशांचं अंतर आहे. एवढं आडवं अंतर कापायचं तर जिथे अंश लहान आहेत अशा वरच्या अंगाने जाणंच फायद्याचं.

बाबांना सांगा, शाळेतला पृथ्वीगोल मिळवा आणि शिवणाचा दोरा घ्या. एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. ढिला ठेवू नका, ताणला की तो आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर सरकतो. बघा कसा जातो ते. मुंबईतून निघाला की पश्चिमेला नाही, वायव्येच्याही जरा वर, उत्तरेकडे झुकून निघतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम कोपरा, मग रशिया. सेंट पीटर्सबर्गच्या अगदी जवळून फिनलंड आणि स्कँडिनेव्हिया. नॉर्वे आणि आइसलँडच्या मधे समुद्रावर तो सर्वांत वर, सुमारे ६५ अंश उत्तरेला पोचतो. तिथून आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, कॅनडाचा लाब्राडोर आणि मग खाली न्यूयॉर्क. तुमच्या भावाला पडद्यावर ग्रीनलँड दिसलं ते यामुळे. नेटवरचं १२,५०० किलोमीटर हे या ताणलेल्या दोऱ्याचं अंतर आहे.

पण विमान त्या दोऱ्यावरून जात नाही, आणि बाबांच्या हिशेबातला मोठा फरक इथे पडतो. दोऱ्याखाली जे देश येतात त्यांनी जाऊ द्यायला हवं. एसटीच्या भाषेत सांगायचं तर खंबाटकी घाट बंद असला की गाडी लोणंदमार्गे काढतात, तसं इथे रोज चालतं. पाकिस्तानने फेब्रुवारी २०१९ मध्ये आकाश बंद केलं ते जुलैपर्यंत. मग २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानकंपन्यांसाठी पुन्हा बंद केलं आणि ती मुदत महिन्या-महिन्याने वाढत गेली. अफगाणिस्तानवरून सहज जाता येईल अशी परिस्थिती कित्येक वर्षांत नाही. रशियाचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे, भारतीय आणि आखाती कंपन्यांना नाही. जून २०२५ मध्ये तर इराण आणि इराकवरचं आकाशही काही दिवस मिटलं होतं. यात दिल्लीचे हाल मुंबईपेक्षा जास्त झाले. मुंबईहून निघालेलं विमान निदान अरबी समुद्रावरून सरळ ओमानकडे जाऊ शकतं. दिल्लीच्या विमानाला आधी खाली गुजरातकडे उतरून मग समुद्र गाठावा लागतो. २०२५ च्या बंदीनंतर दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्ना आणि कोपनहेगनला उतरवावी लागली होती.

म्हणून कागदावरचे साडेबारा हजार प्रत्यक्षात तेरा हजार होतात, एखाद्या दिवशी त्याहूनही जास्त.

आता वारा, म्हणजे बाबांचा घाट. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमक्या विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. आम्ही त्याला जेट स्ट्रीम म्हणतो. उष्ण कटिबंधातली गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकामुळे हा वारा तयार होतो, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्याला पूर्वेकडची दिशा मिळते. तेव्हा वरच्या प्रतिसादात पृथ्वीचं नाव आलं ते अगदीच बिनसंबंधाचं नाही, पण परिणाम होतो तो वाऱ्यातून. थंडीत हा फरक वाढतो म्हणून वाराही वाढतो. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर नेहमीचं, तीनशेच्या पुढेही जातो. ९ फेब्रुवारी २०२० ला अटलांटिकवर वादळ असताना न्यूयॉर्कहून लंडनला जाणारं एक जंबो चार तास छप्पन्न मिनिटांत पोचलं. एरवी त्याच प्रवासाला साडेसहा तासांच्या आसपास लागतात.

आता बाबांच्या वहीत हे आकडे लिहून द्या. खरं अंतर समजा १३,००० किलोमीटर. जाताना सगळ्या वाटेवर मिळून सरासरी ताशी ५० किलोमीटरचा उलटा वारा धरा. जमिनीच्या हिशेबाने वेग ८५०. म्हणजे १५ तास १८ मिनिटं. येताना तोच वारा पाठीशी, वेग ९५०, म्हणजे १३ तास ४१ मिनिटं. तिकिटावरचा वेळ विमानाने दार सोडल्यापासून दुसऱ्या दाराला लागेपर्यंतचा असतो, म्हणून दोन्हीकडे जमिनीवर फिरण्याचा अर्धा तास घाला. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते, त्यामुळे रात्रीच्या गर्दीत रांग असते. झालं, १५ तास ४८ मिनिटं आणि १४ तास ११ मिनिटं. तिकिटाशी ताडून बघा.

वारा रोज सारखा नसतो. म्हणून आम्ही दररोज नवा मार्ग काढत असू. अटलांटिकवर तर त्या दिवसाच्या वाऱ्याप्रमाणे दिवसातून दोनदा वाटा आखतात. दिवसा पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी आयर्लंड-स्कॉटलंडच्या बाजूने आणि रात्री पूर्वेला येणाऱ्यांसाठी कॅनडातल्या गँडरहून. जाताना वारा टाळायचा, येताना त्यात शिरायचं. कधीकधी दोनशे-तीनशे किलोमीटर जास्तीचा वळसा घेतलेलं विमान आधी पोचतं. मला या कामातली सर्वांत आवडणारी गोष्ट हीच होती. रात्री अकराला वाऱ्याचा नकाशा हातात यायचा आणि आज कुठून पाठवायचं हे ठरवताना तहानभूक हरपायची.

थांब्याबद्दल उद्या लिहितो. एवढं बाबांना पचू द्या.

कृष्णाकाठची (कराड)

काका, किती मनापासून लिहिलंत! बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते काही न बोलता चपला घालून बाहेर पडले आणि शेजारच्या शाळेतल्या सरांकडून पृथ्वीगोल घेऊन आले. आईच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं माझ्या लेकीने न्यूयॉर्कवर दाबलं. दोरा खरोखर आइसलँडवरून गेला. मग त्यांनी मुंबई-टोकियो, मुंबई-सिडनी असे सगळे दोरे ताणले. सरांना गोल अजून परत मिळालेला नाही.

आता त्यांचा नवा प्रश्न. विमान मुंबईहून रात्री १:३० ला सुटतं आणि त्याच तारखेला सकाळी ७:४५ ला न्यूयॉर्कला पोचतं असं लिहिलंय. वजाबाकी केली तर सव्वासहा तास येतात. हे त्यांना कळलंय की घड्याळं वेगळी आहेत, पण फरक कुठे साडेनऊ तास लिहिलाय, कुठे साडेदहा. खरं कोणतं?

आणि आईच्या थांब्याचं राहिलंच आहे.

एडिसनची माई

बाळा, मी माझ्या अनुभवाचं सांगते. लेक इथे असल्यामुळे माझं येणं-जाणं असतं, आणि दोन्ही तऱ्हांनी प्रवास झालाय.

तुझ्या आईसारखा गुडघा असेल तर सोळा तास सलग बसणं हे खरं अवघड काम. पण मधला थांबा म्हणजे विश्रांती असं मानू नकोस. थांब्यावर काय होतं ते ऐक. विमान थांबलं की सगळे एकदम उठतात. मग लांबच लांब बोळ, पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा बूट काढा, पट्टा काढा, पाण्याची बाटली रिकामी करा. नव्या फाटकापर्यंत कधी आगगाडी, कधी बस. भाषा समजत नाही, घोषणा कळत नाही. आणि आधीचं विमान उशिरा आलं की धावपळ. व्हीलचेअर असेल तरच थांबा सुसह्य होतो, म्हणून तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदव. तुझे बाबा "कशाला, चालेल ती" म्हणतील. ऐकू नकोस. व्हीलचेअरवाला माणूस रांगेतून पुढे नेतो, कागद दाखवायला मदत करतो, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांना त्याचाच आधार फार वाटतो.

विनाथांबा घेतलंस तर आईला बोळाच्या कडेची जागा दे, खिडकीची नको. दर दीड-दोन तासांनी उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. तिथे उभं राहून टाचा वर-खाली करायच्या, हवाईसुंदऱ्या काही म्हणत नाहीत. पाणी भरपूर प्यायचं. पायातले घट्ट मोजे डॉक्टरांना विचारून घे, बदललेल्या गुडघ्यावर ते आपल्या मनाने घालू नयेत.

इन्सुलिन हातातल्या पिशवीत. सामानाच्या बॅगेत कधीही नाही, खाली माल ठेवतात तिथे ते गोठू शकतं. सोबत डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र आणि औषधांची चिठ्ठी. अमेरिकेला जाताना तो दिवस नऊ-दहा तासांनी लांबतो, त्यामुळे दोन इंजेक्शनांमधलं अंतर बिघडतं. कोणतं कधी घ्यायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे, भारताच्या वेळेप्रमाणे. आणि एक मनगटी घड्याळ पोचेपर्यंत भारताच्याच वेळेवर राहू दे. मोबाइल मधेच आपोआप वेळ बदलतो आणि गोंधळ होतो. माझ्या मैत्रिणीच्या यजमानांची साखर यामुळेच उतरली होती. जेवण यायला उशीर झाला तर म्हणून राजगिऱ्याचे लाडू, खाकरे जवळ असू देत.

आणखी एक. आखातातून यायचं झालं तर अबुधाबीचा विचार कर. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन अबुधाबीतच होतं. म्हणजे अमेरिकी अधिकारी तिथेच पासपोर्ट बघतात, बोटांचे ठसे घेतात, आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर तुम्ही देशातल्या देशात आल्यासारखे सरळ सामान घेऊन बाहेर. सोळा तास बसून आल्यावर रांगेत तासभर उभं राहणं वाचतं. पण त्या तपासणीला वेळ लागतो, म्हणून तिथे मधे तीन तास तरी हवेत.

पार्लेकर

माईंनी लिहिलंय त्यातलं एकही अक्षर सोडू नका. मी फक्त अंतराची आणि वेळेची बाजू मांडतो.

आधी घड्याळ. भारत वर्षभर एकाच वेळेवर चालतो. न्यूयॉर्क मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतं. म्हणून उन्हाळ्यात फरक साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. दोन्ही खरे. आई-बाबा मेमध्ये जातील तेव्हा साडेनऊ: सव्वासहा अधिक साडेनऊ, पावणेसोळा तास. येतील नोव्हेंबरच्या मध्याला, तेव्हा साडेदहा. समजा तिकडून सकाळी ११:३० ला सुटलं आणि १४ तास १५ मिनिटं लागली, तर मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १२:१५. तेच विमान ऑक्टोबरमध्ये घड्याळात ११:१५ ला आलेलं दिसेल. भाऊ त्यांना आणायला येणाऱ्या गाडीवाल्याला वेळ सांगेल तेव्हा हे लक्षात ठेवा.

आता थांब्याचं अंतर. लोकांना वाटतं थांबा म्हणजे फार मोठा वळसा. पृथ्वीगोलावर लंडन बघा. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन-न्यूयॉर्क सुमारे ५,५५०. बेरीज १२,७५०. म्हणजे थेट दोऱ्यापेक्षा फक्त दोन-अडीचशे किलोमीटर जास्त! फ्रँकफर्टचंही जवळपास असंच. दुबईमार्गे मुंबईपासून १,९३० आणि तिथून न्यूयॉर्क ११,०००, एकूण सुमारे १२,९३०. थोडक्यात, बावीस-तेवीस तासांचं तिकीट असेल तर त्यातला विमानातला वेळ थेट विमानापेक्षा फार तर दोन तास जास्त, उरलेला विमानतळावर जातो. तो वेळ कुठे जातो, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे.

पण दोन थांबे सारखे नसतात. लंडन-फ्रँकफर्टमार्गे प्रवासाचे जवळजवळ सारखे दोन तुकडे होतात, साधारण नऊ-साडेनऊ आणि आठ तासांचे. दुबई-अबुधाबीमार्गे पहिला तुकडा तीन तासांचा आणि दुसरा चौदा तासांचा. गुडघ्यासाठी थांबा हवा असेल तर पायांना उसंत खरी पहिल्या प्रकारात मिळते. आखातातल्या थांब्याने चौदा तासांचं बसणं काही टळत नाही, तिथला फायदा माईंनी सांगितला तो इमिग्रेशनचा. युरोपात विमान बदलायला ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे की नाही यावर बरंच ठरतं आणि ते नियम बदलत राहतात. तिकीट काढण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या. आणि दोन्ही तुकडे एकाच तिकिटावर असू द्या. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी राहत नाही.

विनाथांबा विमानाला आणखी एक पैलू आहे. एवढ्या लांब उड्डाणाला मोठं ७७७ विमान शंभर टनांहून जास्त इंधन घेऊन उडतं. तासाला सात-आठ टन जळतं. इंधन वाहून नेण्यासाठीच इंधन जळतं, त्यामुळे वळसा वाढला की पहिल्यांदा माल कमी करावा लागतो, कधी काही जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात. नेमकं पोचण्यापुरतं इंधन कधीच घेत नाहीत. न्यूयॉर्कला उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचं, वर तीस मिनिटं घिरट्या घालण्याचं, आणि वारा अंदाजापेक्षा वाईट निघाला तर त्याचं, असं सगळं धरूनच आकडा निघतो. शिवाय दोन इंजिनांच्या विमानाला वाटेत कुठेही असताना ठरलेल्या वेळात उतरता येईल असा विमानतळ हाताशी लागतो. अटलांटिक ओलांडताना ती नावं म्हणजे आइसलँडचं केफ्लाविक, कॅनडाचं गूज बे. हे मी मुद्दाम सांगतोय. आई-बाबा पहिल्यांदा जात आहेत आणि एवढ्या पाण्यावरून जाताना भीती वाटणं साहजिक आहे. त्यांना सांगा, त्या रात्री त्यांच्या विमानासाठी जमिनीवर कुणीतरी माणूस हा सगळा हिशेब करून, तपासून, त्याखाली सही करून बसलेला असतो आणि विमान उतरेपर्यंत त्यावर नजर ठेवतो.

माझं मत विचाराल तर आईला एकटीला पाठवत नाही आहात, बाबा सोबत आहेत, तेव्हा जाताना विनाथांबा घ्या, बोळाच्या कडेची जागा पैसे भरून घ्या. येताना वारा पाठीशी आहे, तेही विनाथांबाच. डॉक्टर म्हणाले की सोळा तास नकोत, तर लंडन किंवा फ्रँकफर्ट, मधे तीन ते चार तास.

सनीव्हेलकर

पार्लेकरकाका, वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे, सॅन फ्रान्सिस्कोला, हा वाऱ्याचा खेळ आणखी मोठा आहे म्हणून भर घालतो. दिल्लीहून इकडे येणारं विमान आधी अटलांटिकवरून यायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने ते उलट दिशेने, पॅसिफिकवरून आणायला सुरुवात केली. अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झालं आणि वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आला. कारण पूर्वेकडे जाताना वारा पाठीशी. चौदाशे किलोमीटर जास्त आणि तरी लवकर! बाबांच्या वहीत हे नक्की लिहा.

जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को-बंगळुरूचं पहिलं विमान उत्तर ध्रुवावरून नेलं तेव्हा चारही वैमानिक महिला होत्या, कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली. आम्ही इथले बरेच जण त्या रात्री पडद्यावर ते विमान बघत जागे होतो.

आणि माईंच्या औषधांच्या यादीत माझी एक भर. जून २०२३ मध्ये दिल्लीहून इकडे निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियातल्या मगादानला उतरवावं लागलं. सगळे सुखरूप होते, पण तिथून पुढे निघायला दुसऱ्या विमानाची वाट बघावी लागली. म्हणून प्रवासाच्या तासांपुरतीच औषधं हातातल्या पिशवीत ठेवू नका. तीन दिवसांची ठेवा.

कृष्णाकाठची (कराड)

माई, काका, सनीव्हेलकर, तुमचे कसे आभार मानू! काल आईच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले विनाथांबा चालेल, मात्र तासा-दीड तासाने उठायचंच. मोजे त्यांनीच लिहून दिले. इन्सुलिनचं वेळापत्रक भारताच्या वेळेत कागदावर करून दिलंय, त्याच्या तीन प्रती काढल्या. जाताना आणि येताना विनाथांबा, दोन्हीकडे कडेची जागा, दोन्हीकडे व्हीलचेअर. बाबा "कशाला" म्हणालेच, मग त्यांना माईंचा प्रतिसाद वाचून दाखवला.

बाबांनी कॅलेंडरवर २८ मेला लाल खूण केली आहे. त्या दिवशी दुपारी जेवून कराडहून गाडीने निघायचं असं ठरलंय. वेळ पुरेल ना?

पार्लेकर

ताई, थांबा! तिकीट २८ मेच्या रात्री १:३० चं असेल तर ती २७ आणि २८ मधली रात्र आहे. २८ ला दुपारी निघालात तर विमान बारा तासांपूर्वी गेलेलं असेल. ही गफलत मी टर्मिनलवर किती वेळा पाहिली आहे सांगता येत नाही, भली शिकलेली माणसं रडकुंडीला आलेली असतात. खूण २७ मेला करा.

कराड ते मुंबई विमानतळ सव्वातीनशेच्या आसपास किलोमीटर, पुण्यात आणि घाटात अडकलात तर आठ तास धरा. व्हीलचेअर आहे म्हणून टर्मिनल दोनला रात्री साडेनऊला पोचायचं. म्हणजे २७ ला दुपारी एकला, लवकर जेवून निघा. वाटेत जेवायला थांबाल तो अर्धा तास त्यात धरला आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी कंपनीच्या ॲपवर विमानाची वेळ पुन्हा बघा, आकाश कुठे बंद झालं तर वेळ बदलते आणि संदेश भावाच्या अमेरिकेतल्या नंबरवर जातो. त्यासाठी तिकिटात तुमचा नंबर आजच टाकून घ्या.